आगोटीच्या यादीत दिवा आणि फोन

मे महिना सरत आला की कोकणातल्या घरांत आगोटीची धावपळ सुरू होते. कौलं परतून होतात, लाकूडफाटा पडवीत येतो, सुके बोंबील आणि सोडे डब्यांत बंद होतात, तांदूळ, मसाला, पापड, लोणची जागच्या जागी लागतात. पावसात बाहेरची वाट बंद झाली तरी घरातली चूल पेटती राहिली पाहिजे, हा त्यामागचा हिशेब. आपल्या आजी-पणजींनी तो अनुभवातून बसवला आणि आजही तो फारसा चुकत नाही. पण या यादीत एक वस्तू नाही, कारण यादी बनली तेव्हा ती वस्तूच अस्तित्वात नव्हती. ती म्हणजे चार्ज. फोनमधला, टॉर्चमधला, बॅटरीतला चार्ज.

हा विषय किरकोळ वाटेल. वीज जाते, येते. त्यावर संपादकीय कशाला, असेही कोणी विचारेल. त्यांनी ३ जून २०२० ची आठवण करावी. त्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्यात श्रीवर्धन-दिवेआगरच्या परिसरात किनाऱ्याला धडकले. वाऱ्याचा वेग ताशी १०० ते ११० किलोमीटर, मधले झोत १२० पर्यंत. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड आणि खाडीपलीकडचे मंडणगड, दापोली हे तालुके काही तासांत झोडपून निघाले. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, घरांचे पत्रे उडाले आणि विजेचे खांब रांगेने कोसळले. कितीतरी गावांत पुढचे काही आठवडे वीज आली नाही. मोबाइलची रेंजही गेली.

हा लॉकडाऊनचा काळ होता. जिल्हा ओलांडायला ई-पास लागत होता. या गावांतली कमावती मुले मुंबईत, मुंब्र्यात, कुवेतमध्ये, दुबईत अडकलेली. घरी म्हातारे आईबाप, सुना आणि लहान मुले. वादळ गेल्यावर मुलांनी फोन लावले आणि पलीकडून एकच उत्तर येत राहिले: आपण संपर्क करीत असलेली व्यक्ती उपलब्ध नाही. बहुतेक घरांत माणसे सुखरूप होती. पण हे एक वाक्य, ‘आम्ही ठीक आहोत’, बाहेर पोहोचवायला साधन नव्हते. अंधार सहन होतो, कोकणाला त्याची जुनी सवय आहे. खबर न लागणे सहन होत नाही. म्हणून आमचे म्हणणे असे की वीज जाण्याची तयारी म्हणजे आधी संपर्काची तयारी आणि मग उजेडाची. आणि ही तयारी एकेका घराने सुटी-सुटी केली तर ती अपुरीच पडेल.

हे फक्त किनाऱ्यावरच्यांसाठी नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझ वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तेव्हा मुंबईच्या अनेक उपनगरांत वीज आणि फोन दोन्ही बंद पडले होते. १२ ऑक्टोबर २०२० ला तर पाऊसही नव्हता, वादळही नव्हते. पारेषण वाहिन्यांमधल्या बिघाडाने सकाळी दहाच्या सुमारास मुंबई आणि आसपासच्या भागाची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, मुंबई विद्यापीठाला त्या दिवसाच्या ऑनलाइन परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. जुलै २०२१ मध्ये चिपळूण पाण्याखाली गेले. आणि ज्यांना वाटते की हे आपल्याच देशाचे रडगाणे आहे, त्यांच्यासाठी: २८ एप्रिल २०२५ ला स्पेन आणि पोर्तुगाल हे दोन अख्खे देश भर दुपारी अंधारात गेले आणि लोक बॅटरीवरचे रेडिओ शोधत दुकानोदुकानी फिरले. त्याच्या महिनाभर आधीच युरोपीय संघाने आपल्या नागरिकांना सल्ला दिला होता की प्रत्येक घराने किमान ७२ तास स्वतःच्या बळावर काढता येतील एवढी तयारी ठेवावी. तीन दिवस हे माप शहरासाठी ठीक आहे. श्रीवर्धनच्या अनुभवानंतर कोकणातल्या गावाने आठवड्याचा हिशेब धरावा.

आधी एक गोष्ट समजून घ्या, कारण तिच्याविषयी मोठा गैरसमज आहे. ‘माझा फोन फुल चार्ज आहे, म्हणजे मी निर्धास्त.’ तसे नाही. मोबाइलचा टॉवरही विजेवरच चालतो. लाइट गेली की तो बॅटरीवर जातो. ती काही तासच पुरते. पुढे डिझेल जनरेटर असेल आणि त्याला डिझेल पोहोचले तर टॉवर चालू, नाहीतर बंद. रस्त्यावर झाडे पडली असतील तर डिझेलची गाडी येणार कुठून? म्हणजे वीज गेल्यानंतरचे पहिले काही तास हे सोन्याचे तास आहेत. त्याच वेळात घरच्यांना, परदेशातल्या मुलांना एकेक निरोप जायला हवा. बहुतेक ठिकाणी नेमके उलटे घडते. वादळाचे व्हिडिओ काढण्यात, ते ग्रुपवर टाकण्यात आणि इतरांचे पाहण्यात हे तास जातात. संध्याकाळी रेंजही जाते आणि बॅटरीही.

त्यानंतर रेंज अधूनमधून येते. कधी रात्री दोनला अर्धा तास, कधी डोंगरावरच्या एका वळणावर. त्या अर्ध्या तासासाठी एक तरी फोन जिवंत असला पाहिजे. तयारी यासाठी करायची.

आता थोडे गणित. बाजारात पॉवर बँक घ्यायला गेलात की डब्यावर २०,००० एमएएच असे ठळक लिहिलेले असते. तुमच्या फोनची बॅटरी ५,००० ची. म्हणजे चार वेळा चार्ज होईल? होत नाही. पॉवर बँकेतल्या सेलचा दाब ३.७ व्होल्ट असतो, फोनकडे वीज जाते ती ५ व्होल्टने किंवा त्याहून जास्त. या बदलात आणि उष्णतेत जवळपास एक तृतीयांश वीज वाया जाते. प्रत्यक्षात अडीच वेळा चार्ज झाला तर ती चांगली पॉवर बँक समजायची. १०,००० च्या पॉवर बँकेत तर जेमतेम सव्वा वेळ. घरात पाच फोन असतील आणि सगळे नेहमीसारखे वापरले, तर ही मोठी पॉवर बँक एका दिवसात रिकामी होते.

पण तीच पॉवर बँक नीट वापरली तर आठवडा निघतो. घरातले चार फोन सरळ बंद करा. एकच चालू ठेवा, तोही दिवसातून तीन वेळा, ठरलेल्या वेळी, वीस-वीस मिनिटे. सकाळी फज्रनंतर, दुपारी, रात्री इशानंतर. वेळा नमाजला जोडल्या की घरातल्या कुणाला वेगळे लक्षात ठेवावे लागत नाही. बाहेरच्या मुलांनाही त्याच वेळा सांगून ठेवा, म्हणजे ते दिवसभर वेड्यासारखे फोन लावत बसणार नाहीत. अशा वापराने एक चार्ज तीन-चार दिवस सहज जातो.

घरात एक जुना बटणांचा फोन ठेवा, हे आम्ही आग्रहाने सांगतो. तुमच्या अब्बांनी तो कपाटात कुठेतरी ठेवलेलाच असेल. त्यात सिम घालून नुसता चालू ठेवला तर तो काही दिवस चालतो, पुढच्या बाजूला बारकासा टॉर्चही असतो, आणि ओल्या हातानेही बटण दाबले जाते. फक्त ते सिम चालू आहे ना आणि तो फोन तुमच्या कंपनीचे आजचे नेटवर्क पकडतो ना, हे आजच तपासा. काही कंपन्यांचे सिम जुन्या २जी फोनमध्ये चालतच नाही. घरात दोन सिम असतील तर ती दोन वेगवेगळ्या कंपन्यांची असावीत, म्हणजे एका कंपनीचा टॉवर पडला तरी दुसऱ्याची आशा राहते.

उजेडाची बाजू मात्र फोनपेक्षा खूप स्वस्त आहे, आणि हे लोकांना माहीत नसते. यूएसबीवर चालणारा एक वॉटचा एलईडी दिवा घ्या. भाजी चिरायला, औषधाची गोळी ओळखायला, रात्री उठून मोरीपर्यंत जायला तेवढा उजेड पुरतो. वर सांगितलेल्या मोठ्या पॉवर बँकेवर असा दिवा चाळीसहून अधिक तास जळतो. रोज पाच तास लावला तरी आठ रात्री. बॅटरी आत असलेले ‘इन्व्हर्टर बल्ब’ही आता सगळीकडे मिळतात. ते होल्डरमध्ये असतानाच चार्ज होतात आणि लाइट गेल्यावर तीन-चार तास उजेड देतात. रोजच्या लोडशेडिंगला ते उत्तम. पण दुसऱ्या रात्री ते विझलेले असतील, हे ध्यानात ठेवा. तात्पर्य, फोनचा टॉर्च उजेडासाठी वापरणे हा सगळ्यात महाग उजेड आहे. त्याने फोन मरतो.

‘आमच्याकडे इन्व्हर्टर आहे’ असे म्हणणाऱ्यांसाठीही दोन शब्द. इन्व्हर्टर ही आपल्या घरांत आली ती लोडशेडिंगच्या काळात. चार तास लाइट जायची, वीस तास असायची, त्या वीस तासांत बॅटरी पुन्हा भरायची. त्याचा सारा हिशेब हा आहे. १५० अँपिअर-अवरच्या १२ व्होल्ट बॅटरीत कागदावर १८०० वॉट-अवर असतात, हाती येतात त्यातले साधारण दोन तृतीयांश. जुना ७५ वॉटचा पंखा आणि दोन बल्ब लावले की बारा-तेरा तासांत खेळ खलास. वीज पाच दिवस येणार नसेल तर पहिल्याच रात्री पंख्याच्या हवेत झोपलेल्या घराला पुढच्या चार रात्री काही उरत नाही. म्हणून मोठे वादळ आले की इन्व्हर्टरवरचा पंखा बंद, फ्रिज-टीव्हीचा प्रश्नच नाही; त्या बॅटरीवर फक्त एक दिवा आणि फोनचे चार्जर. गरज नसेल तेव्हा इन्व्हर्टरचे बटणही बंद करा, तो नुसता चालू राहिला तरी वीज खातो. बॅटरीचे पाणी शेवटचे कधी घातले, हेही पाहून घ्या.

छतावर सोलर बसवलेल्यांना वाटते की आपण सुटलो. २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आल्यापासून गावागावांत पॅनेल दिसू लागली आहेत, चांगली गोष्ट आहे. पण बिल कमी करण्यासाठी बसवलेली, महावितरणच्या लाइनला जोडलेली साधी सोलर यंत्रणा लाइट गेली की स्वतःहून बंद होते. ऊन कितीही कडक असो. हा बिघाड नव्हे, सुरक्षेची सोय आहे: तुमच्या छतावरची वीज उलटी तारेत गेली तर खांबावर काम करणाऱ्या माणसाचा जीव जाईल. वीज नसतानाही सोलर चालायला हवे असेल तर बॅटरी असलेली हायब्रिड यंत्रणा घ्यावी लागते. घेण्याआधी विक्रेत्याला हाच प्रश्न विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

खांबावरच्या माणसाचा विषय निघालाच आहे तर जनरेटरचेही सांगायला हवे. निसर्गनंतर भाड्याच्या जनरेटरांवर गावांनी पंप चालवले, टाक्या भरल्या. ते योग्यच होते. पण जनरेटरची वायर घरातल्या प्लगमध्ये खुपसून अख्खे घर उजळवणारे ‘कारागीर’ही असतात. मेन स्विच पाडलेला नसेल आणि चेंजओव्हर स्विच नसेल तर ती वीज ट्रान्स्फॉर्मरकडे उलटी जाते, तिथे तिचा दाब हजारो व्होल्टपर्यंत चढतो, आणि आपलीच लाइन दुरुस्त करायला दुसऱ्या जिल्ह्यातून आलेला लाइनमन त्या तारेला हात लावतो. दुसरे असे की जनरेटर घरात, पडवीत किंवा बंद गाळ्यात चालवू नये. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नाही, आणि झोपलेला माणूस उठत नाही.

मेणबत्तीबद्दल नव्याने काही सांगायची गरज नसावी, पण सांगतो. झोपण्यापूर्वी दिवे विझवावेत ही ताकीद हदीसमध्ये आहे आणि तिचे कारणही तिथेच दिले आहे: उंदीर वात ओढून नेतो आणि घर पेटते. चौदाशे वर्षांपूर्वीच्या त्या घरात पॉलिस्टरचे पडदे नव्हते, फोमच्या गाद्या नव्हत्या, ओट्याखाली गॅसचा सिलिंडर नव्हता. आपल्याकडे हे सगळे आहे. लहान मुले असलेल्या घरात मेणबत्ती शेवटचा उपाय असावी. लावलीच तर परातीत पाणी घालून त्यात उभी करावी आणि जागा माणूस समोर असावा. पॉवर बँकही बेफिकीरीने वापरायची वस्तू नाही. रस्त्यावरची बेनामी, फुगलेली, गरम होणारी घेऊ नका. बीआयएसची खूण पाहा, उशीखाली ठेवून चार्ज करू नका. आणि कपाटात रिकामी ठेवून विसरलात तर वर्षभराने ती कामाची राहत नाही. दोन-तीन महिन्यांतून एकदा भरून घ्यायची.

फोनच्या आतली तयारी फुकट आहे, तरी ती सगळ्यात कमी लोक करतात. दहा महत्त्वाचे नंबर कागदावर लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. आज आपल्यापैकी किती जणांना आपल्या आईचा नंबर पाठ आहे? फोन बंद पडला की अख्खी डायरी बंद पडते. घराबाहेरचा, दूरच्या शहरातला एक माणूस ठरवा, पुण्यातली खाला किंवा शारजातला भाऊ. गावातल्या प्रत्येकाने त्या एकाला निरोप द्यायचा, बाकीच्या नातलगांनी त्यालाच विचारायचे. गावातल्या एका फोनवर चाळीस फोन येण्यापेक्षा हे बरे. कॉल लागत नसतो तेव्हाही साधा एसएमएस कित्येकदा निघून जातो. व्हॉट्सॲपची वाट पाहू नका. रेंज अजिबात नसेल तेव्हा फोन विमान मोडवर टाका, कारण टॉवर शोधण्यात बॅटरी सर्वांत वेगाने जाते. नेटवर्कची निवड ‘ऑटोमॅटिक’वर असू द्या, अलीकडच्या चक्रीवादळांत सरकारने कंपन्यांना एकमेकांच्या टॉवरवर ग्राहक घ्यायला सांगितले होते, त्याचा फायदा त्याशिवाय मिळत नाही. स्वतःच्या कंपनीची रेंज नसली तरी ११२ हा नंबर दुसऱ्या कुठल्याही नेटवर्कवरून लागू शकतो, हे घरातल्या लहान-मोठ्या सगळ्यांना माहीत हवे. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७, रुग्णवाहिकेचा १०८, वीज तक्रारीचा १९१२, हे त्या दारावरच्या कागदावर लिहा. शेजारी थोडी रोकडही ठेवा, सुटी. लाइट गेली की यूपीआयही गेले.

इथपर्यंतचे सारे एका घराचे झाले. पण पॉवर बँक सगळ्यांना परवडत नाही. मोहल्ल्यात एकटी राहणारी दादी असते, भाड्याच्या खोलीत चार जण मिळून राहणारे बिहारी-बंगाली कामगार असतात, रोजंदारीवरचे कुटुंब असते. त्यांचा फोन कोण चार्ज करणार? इथे जमातीची, मशिदीची गोष्ट येते. गावातल्या बहुतेक मशिदींत इन्व्हर्टर असतो, अनेक ठिकाणी जनरेटरही, कारण अजान आणि वुजूचे पाणी थांबून चालत नाही. म्हणजे गावातली सर्वांत भरवशाची वीज ज्या थोड्या जागी असते, त्यातली एक मशीद. तिथे एक चार्जिंगचे टेबल लावता येईल. मजबूत एक्स्टेंशन बोर्ड, अर्थिंग तपासलेली, पावसाच्या झडीपासून लांब. प्रत्येक फोनला चिकटपट्टीवर नाव आणि क्रमांक. प्रत्येकाला एक तास, मग पुढचा. दोन मुले पाळीने बसलेली. आणि टेबल सगळ्या गावासाठी, वाडीतल्या कुणीही यावे. दारावर तसे मराठीत लिहून लावा, कारण न लिहिलेले आमंत्रण शेजारच्या आळीला आमंत्रण वाटत नाही.

एक अडचण मात्र आधीच सोडवा. हे टेबल फक्त मशिदीच्या अंगणात लावले तर तिथे पुरुष येतील. घरातल्या बाईचा फोन शेवटी चार्ज होईल किंवा होणारच नाही, आणि घरातल्या आजाऱ्याकडे, बाळाकडे चोवीस तास बघत असते ती तीच. म्हणून दुसरे टेबल मकतबमध्ये, अंगणवाडीत किंवा एखाद्या घराच्या ओटीवर, बायांच्या हाती. ज्या जमात कमिट्यांमध्ये एकही स्त्री नाही त्यांना हे सुचणार नाही, तेव्हा तरुणांनीच सुचवावे. इन्व्हर्टर अपुरा पडला तर रिक्षावाले आहेत. रिक्षाच्या १२ व्होल्ट बॅटरीवर चार्जर लावून चार-पाच फोन आरामात चार्ज होतात. अधूनमधून इंजिन चालू करावे लागेल, ते उघड्यावरच.

याच टेबलाशेजारी एक वही असावी, आणि ती वादळाआधी भरलेली असावी. कुणाच्या घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आहे, कोण डायलिसिसला जातो, कोण इन्सुलिन घेतो, कुणाचे दिवस भरत आलेत. पाच लिटरचा कॉन्सन्ट्रेटर साधारण तीनशे ते साडेतीनशे वॉट खातो. घरातला इन्व्हर्टर त्याला तीन-चार तासांपलीकडे पुरत नाही. अशा माणसाला वादळाचा इशारा आला की आदल्या दिवशीच शहरातल्या नातलगाकडे किंवा रुग्णालयाजवळ हलवायला हवे. डायलिसिसवाल्याचेही तेच, रस्ता बंद झाल्यावर काही करता येत नाही. इन्सुलिनचे तितके घाबरायचे कारण नाही. वापरात असलेली बाटली किंवा पेन बहुतेक प्रकारांत काही आठवडे फ्रिजबाहेर, ३० अंशांच्या आत टिकते; आपल्या औषधाचे डॉक्टरांना विचारून ठेवा. न उघडलेल्या साठ्यासाठी मातीच्या मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात लहान मडके आणि वर ओले फडके, ही जुनी युक्ती फ्रिजइतकी नसली तरी बऱ्यापैकी थंडावा देते. बंद फ्रिजही दार न उघडल्यास चारेक तास थंड राहतो.

खबरींचेही एक पथ्य आहे. फोन बंद असतात तेव्हा अफवा पायी चालतात. धरण फुटले, दुसरे वादळ येतेय, अमुक वस्तीत मदत वाटली आणि आपल्याला वगळले. अशा बातमीने मोहल्ल्या-मोहल्ल्यांत जे होते ते आपण पाहिले आहे. सेलवर चालणारा एक रेडिओ मशिदीच्या टेबलावर ठेवा. कोकणात रत्नागिरी आकाशवाणी आहे, आणि रेडिओला ना टॉवर लागतो ना डेटा. सरकारी इशारे आता फोनवर मोठ्या आवाजात थेट येतात. ते सूचनांच्या सेटिंगमध्ये जाऊन बंद करून टाकलेले असतील तर पुन्हा चालू करा. ऐकलेली बातमी पाटीवर वेळेसकट लिहा, ‘सकाळी ७ च्या बातम्यांत’ असे. मशिदीचा लाउडस्पीकर एवढ्यासाठी वापरायचा असेल तर पोलीस पाटील आणि सरपंचांशी आधी बोलून ठेवा, ऐन वेळी वाद नको.

खर्चाचे विचाराल तर दोन मजबूत एक्स्टेंशन बोर्ड, एक रेडिओ, सेलची दोन पाकिटे, दहा-बारा यूएसबी दिवे आणि दोन मोठ्या पॉवर बँका. दहा हजारांच्या आसपास भागेल. रमजानमध्ये इफ्तारच्या एका संध्याकाळी कित्येक कमिट्या याहून जास्त खर्च करतात. डिझेलचा खर्च वेगळा. तो मशिदीने करायचा की ग्रामपंचायतीने, हे वादळ यायच्या आधी ठरवा, कारण निसर्गच्या वेळी बऱ्याच ठिकाणी जनरेटर होते पण पाचव्या दिवशी डिझेलचे पैसे कुणी द्यायचे यावर चर्चा चालली होती. ग्रामपंचायतीकडे आपत्ती व्यवस्थापनाची जबाबदारी आहे, ग्रामसभेत हा विषय लेखी मांडता येतो. मोबाइल टॉवरला डिझेल कोण आणि कधी पोहोचवते, हा प्रश्नही तिथेच विचारावा. तो कंपनीला आणि तहसीलदारांना पत्राने विचारता येतो, उत्तर आले नाही तर माहिती अधिकारात तहसील कार्यालयाला.

मान्सून जूनच्या पहिल्या पंधरवड्यात कोकणात पोहोचतो. त्याआधीच्या एखाद्या जुम्म्याला, नमाज झाल्यावर, पाच-सहा मुलांनी मशिदीचा मेन स्विच खरेच पाडून पाहावा. दिवा किती वेळ टिकतो, जनरेटर एका झटक्यात सुरू होतो का, कुणाच्या टॉर्चमधले सेल गळलेत, हे त्या तासाभरात कळेल. बॅटरीच्या दुकानात अजून गर्दी नाही.